आजी, तुम्ही फार रार आहात

हॅलो?… आई… हो, मीच. थांब जरा, दार लावते… वाकडं झालंय, ओढून धरावं लागतं… हं, बोल.

हळू का म्हणजे… अगं, संडासात आहे मी… नाही, पोट ठीक आहे. घराबाहेरचा संडास, लाकडाचं खोपटं, बर्फात. या अख्ख्या डोंगरावर रेंज म्हणून ती इथंच येते. सगळे फोन करायला इथंच येतात… हो, बसूनच बोलतेय. झाकणावर. समोर राजाराणीचं जुनं चित्र लावलंय, दोघं माझ्याकडेच बघतायत.

नाही गं, फ्रायाचं घर डेन्मार्कमध्ये. ते मागच्या आठवड्यात झालं. ही इंगविल, नॉर्वेची. अगं, लुंडला हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीतली. तुला नाही का आवडली होती, जिने आपल्याकडे येऊन न सांगता सगळे बटाटे सोलले… हां, तीच. तिच्या आजीचं हे डोंगरातलं घर. ईस्टरच्या सुट्टीला सगळं कुटुंब इथं येतं.

मजेत?… आई, मी काहीतरी करून बसलेय. आणि काय केलंय तेच मला कळत नाहीये… नाही, काही फोडलं नाही… नाही, मुलाबिलाची भानगड नाही. तू ऐकून तर घे.

बोर्गहिल आजी. इंगविलची आजी गं. त्यांना मी दुखावलंय… नक्की म्हणजे नक्की. कारण त्यांनी गळ्यातली चावी काढून खिळ्याला लावली.

या घराची चावी. आजोबा गेल्यापासून ती आजींच्याच गळ्यात असते. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. इंगविलचे बाबा, म्हणजे स्वेरेकाका, दरवर्षी म्हणतात, "आई, आता चावी माझ्याकडे दे." आणि आजी म्हणतात, "मी मेले की घे." आणि आज आपणहून काढली. म्हणाल्या, "टिल्डा, स्वेरे आला की सांग, चावी घे म्हणावं. आणि मला खाली गावात नेऊन सोड म्हणावं. पुढच्या वर्षी मी यायची नाही." आता तर त्या आत कपडे भरतायत.

पहिल्यापासून सांगू? बरं. पण मधे बोलायचं नाही.

सकाळी सगळे स्कीवर गेले, लांबच्या फेरीला. माझी टाच सोलली गेली होती, म्हणून मी… अगं, बूट माझे नव्हतेच, इंगविलच्या बहिणीचे होते… लावलं, लावलं मलम. आजींनीच लावलं, तेच तर सांगतेय. माझा पाय मांडीवर घेतला, आई. मलम लावलं, वरून लोकरीचा मोजा चढवला. मग वॅफल केले, त्यावर ते तपकिरी चीज… हो, गोड असतं ते. आवडायला लागलंय आता. मग बाहेर भिंतीला टेकून उन्हात बसवलं, खाली रेनडियरचं कातडं घातलं आणि संत्रं सोलून हातात दिलं. सोलून, आई. तू मला शेवटचं संत्रं कधी सोलून दिलं होतंस?… बरं, राहू दे.

तर मला अगदी भरून आलं. आणि मी म्हणाले, "आजी, तुम्ही फार रार आहात."

एवढंच… हो, 'रार' म्हणाले. आपण स्वीडनमध्ये म्हणतो तसंच. आपली भाषा इथं कळते ना सगळ्यांना. गोड, मायाळू… तू हसतेयस का?… आई? अगं, पुढचं तर ऐक, मग काय हसायचं ते हस.

आजींनी हातातली सालं खाली ठेवली. मग विचारलं, "तुला कधीपासून वाटतंय असं?" म्हटलं, "आल्या दिवसापासून." मला वाटलं, लाजल्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, "आणि बाकीच्यांना?" म्हटलं, "सगळ्यांनाच. इंगविलनं तर मी यायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं." मग अगदी बारीक आवाजात, "स्वेरेलाही?" म्हटलं, "स्वेरेकाकांना तर सगळ्यांत जास्त. वय वाढतंय तसं तेही वाढतच चाललंय…"

आई, तू रडतेयस का हसतेयस? मला कळेना झालंय.

मग आजी उठल्या. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, "काही नाही. तू निदान तोंडावर बोललीस." आणि आत जाता जाता, "चूल विझली का बघ गं. माझ्यावर आता भरवसा ठेवू नकोस." चूल विझलेलीच होती. मग चावी काढली. आणि मी इथं पळून आले, तेवढ्यात तुझा फोन… आता तरी सांग, मी काय केलं?

काय?… तिकडे म्हणजे इथं? नॉर्वेत?… रार म्हणजे… विचित्र?

चक्रम?

नाही, तू थट्टा करतेयस. शप्पथ घे… माझी घे… अगं, पण डेन्मार्कमध्ये तर छान चाललं होतं. फ्रायाच्या आईला हेच म्हटलं, तर तिनं मला मिठी मारली, वर मुरंब्याची बाटली दिली. तिथं घात केला तो 'रोलिग'नं… सांगितलं नाही का तुला? फ्रायाच्या बाबांच्या वाढदिवसाला मी म्हटलं, पार्टी फार रोलिग आहे. म्हणजे आपल्याकडचं रोलिग, मजेची. त्यांच्याकडे रोलिग म्हणजे शांत. बिचारे उठले आणि गाणी एवढी मोठ्यानं लावली की शेजारचे भांडायला आले. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, एकदा ठेच लागली, आता मी शहाणी झाले.

आणि तुला ठाऊक होतं?… ऑस्लोला कॅफेत कामाला होतीस तेव्हा… मालकिणीलाच म्हणालीस? मग?… महिनाभर भांडी? बरी जिरली. पण मग निघताना मला सांगायला काय झालं होतं? लोकरीचे मोजे घे, लोकरीचे मोजे घे, एवढंच शंभरदा ऐकवलंस.

थांब. हसू नकोस आता… नाही आई, खरंच नको. परवा इंगविलनं सांगितलं होतं. ऑक्टोबरात आजींनी ओले हातमोजे ओव्हनमध्ये वाळत घातले आणि विसरल्या. घरभर धूर झाला. तेव्हापासून त्या येईल त्याला विचारतात, "मी विचित्र वागायला लागलेय का रे?" सगळे म्हणतात, छे, काहीतरीच. आणि मी पाहुणी येऊन, त्यांनी सोललेलं संत्रं खात खात… हो म्हणाले. सगळ्यांना माहीत आहे म्हणाले. वाढतंय म्हणाले. मला फार वाईट वाटतंय गं.

हो, जाते. जातेच. ती मंडळी यायच्या आत सांगायला हवं. स्वेरेकाकांनी एकदा चावी उचलली की संपलं. आईनंच दिली म्हणतील, आणि खोटंही नाही ते…

शू. कुणीतरी येतंय… दाराला बदामाच्या आकाराचं भोक आहे ना, त्यातून बघते… आजीच आहेत. बॅग घेऊन.

हो आजी, मीच… नाही, आईशी बोलतेय, स्वीडनला… आजी, ऐका ना. मघाशी मी जे म्हणाले ना, ते आमच्या भाषेत वेगळं आहे. रार म्हणजे चांगलं. मायाळू… नाही हो, सारवासारव नाही करत… खरंच…

आई, नाही पटत त्यांना. म्हणतात, समजूत घालणारे पुष्कळ झाले… काय आजी?… बरं. आई, त्या म्हणतात, तुझ्या आईलाच विचारते. आवाज मोठा करते हं. तू फक्त विचारलं तेवढ्याचं उत्तर दे… हो आजी, मी काही पढवत नाहीये. हे बघा, गप्प बसले.

…तिला ऐकू नाही गेलं, आजी, परत विचारा… आई, त्या विचारतायत, तुमची मुलगी रार आहे का?

…एवढं लांबण नको लावूस… बरं, जन्मापासून… बाबांपेक्षा जास्त? बरं… बालवाडीच्या बाई सगळ्यांना सांगायच्या, वर्गात सगळ्यांत रार हीच… आता आजी-आजोबांवर कशाला घसरलीस, आई… बरं, सगळं घराणंच रार. झालं?

ऐकलंत ना आजी? कुठली आई आपल्या मुलीला तुमच्या भाषेतलं रार म्हणेल, आणि तेही एवढ्या कौतुकानं?

…

आई, त्या हसतायत. दाराला टेकून हसतायत. अख्खं खोपटं हलतंय.

काय आजी?… म्हणतात, "हातमोजे मात्र खरंच जळले होते." …हो, आई, तूच सांग त्यांना… माझ्या बाबांचा चष्मा दोनदा फ्रीजमध्ये सापडला, आजी. आणि त्यांना तर कुणी मायाळूसुद्धा म्हणत नाही.

अगं, त्या निघाल्या. बॅग इथंच टाकली, घराकडे चालल्या… चालल्या कसल्या, पळतायत. काय झालं… आई, मंडळी आली. खालच्या वळणावर स्वेरेकाकांची लाल टोपी दिसतेय… आजी पायरीवर आहेत… आत गेल्या. काका स्की काढतायत. एक काढली… दुसरी अडकलीय. बरं झालं… काका दारात… आत गेले…

काही दिसत नाहीये. थांब ना…

आजी बाहेर आल्या. हात गळ्याशी आहे… आहे. आई, चावी आहे. स्वेटरच्या आत ढकलतायत. काका मागून काहीतरी म्हणतायत आणि त्या म्हणतायत… ऐकते… "मी मेले की घे."

हो, मलाही रडू येतंय. गप्प बस.

आता माझ्याकडे बोट दाखवतायत. सगळ्यांना ओरडून सांगतायत, "ही स्वीडनची पोर फार रार आहे. ऊन सोडून संडासात बसून आईशी गप्पा मारते."

…कुठल्या भाषेतलं? ते नाही सांगितलं त्यांनी. सगळेच हसतायत… विचारते, पण आता नाही. ठेवते, आई. बाहेर रांग लागलीय, आणि पहिल्या आजीच आहेत.