टेबलाखालची फणी

सेमिनारला कुणी केळी घेऊन येतं का? आमचे आबा आले होते.

जळगावला माझ्या पीएचडीच्या कामाचं सादरीकरण होतं. केळं पिकायला लागलं की एक वायू सोडतं. तो ओळखणारा सेन्सर मी नॅनोकणांच्या पातळ थरातून बनवलाय. केळं पिवळं पडायच्या आधीच त्याला कळतं, असा माझा दावा. बाहेरगावचे एक सर परीक्षक होते आणि सावद्याहून आलेले आबा, म्हणजे माझे वडील, मागच्या रांगेत.

मी सेन्सर चालू केला. समोर काहीच ठेवलं नव्हतं, तरी आकडा चढायला लागला. बंद करून परत लावला, पुन्हा तेच.

सर म्हणाले, "मॅडम, हा नुसती हवाच मोजतोय का?"

चार वर्षांची मेहनत पाण्यात.

तेवढ्यात आबा उठले. "सर, टेबलाखाली पिशवी आहे. तुमच्यासाठी केयीची फणी आणेल आहे. रिकाम्या हाती कसं यावं?"

सरांनी स्वतः पिशवी व्हरांड्यात नेऊन ठेवली. आकडा उतरला. परत आणली, चढला. मग त्यांनी फणी बाहेर काढून उजेडात धरली. हिरवीगार, कुठेच पिवळेपणा नाही.

"ही तर कच्ची आहे," म्हणता म्हणता सर थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "उरलेल्या स्लाइड राहू द्या. दिसलं मला."

मी रडायच्या बेतात, आणि मागून आबा म्हणतात, "पण सर, परवाच खा. आज तुरट लागेल."