काचेच्या पेटीतला दोर

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर वर्षे, रिफायनरीतील सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार रिफायनरीची जुनी कामगार वसाहत, शेवटची चाळ, पाण्याच्या उंच टाकीसमोर, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझे नाव ठाण्याच्या नोंदीत आहे. वसाहतीत मला एक्स्चेंजबाई म्हणतात. मी वरील ठिकाणी एकटी राहते. शेजारच्या खोलीत माझा तेरा वर्षांनी धाकटा भाऊ व भावजय राहतात. 'राहतात'चे 'राहत होते' करा, असे ठाणे अंमलदार म्हणाले. भावजय अजून राहते, तेव्हा अर्धे वाक्य बरोबर आहे. ते तसेच ठेवावे.

मला आज बोलावले ते कंपनीच्या तक्रारीवरून. कंपनीचे म्हणणे असे की, मी त्यांच्या इतिहास दालनातील काचेची पेटी फोडली व आतला दोर नेला. हे खरे आहे. काच मी फोडली. पितळी पाटी उचलून फोडली. त्या पाटीवर कंपनीच्या पहिल्या मालकांचे नाव आहे. ती वाकली असल्यास मला माहीत नाही.

मी येण्याआधीच एक कागद टंकून तयार ठेवला होता. त्यात माझ्या तोंडी असे वाक्य होते की, 'मयत हा कोणासही न विचारता स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरला.' असे मी कधीही बोललेले नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर सांगत, दुसऱ्याने लिहून दिलेल्या उत्तराखाली आपले नाव घालणे ही चोरी आहे. तो कागद मी परत दिला व माझा जबाब माझ्या शब्दांत घ्या, असे सांगितले. ठाणे अंमलदार म्हणाले, "बाई, मुद्द्याचं तेवढं बोला." मी म्हटले, "मुद्दा काय ते तुम्हाला कळेपर्यंत बोलणार."

या कंपनीत आधी नुसते रॉकेल होत असे. कंदील गेले तसे रॉकेल गेले आणि पेट्रोल-डिझेल आले. क्रूड, म्हणजे जमिनीतून काढलेले कच्चे तेल, जहाजातून यायचे, ते मोठ्या टाक्यांत साठवायचे. टाकीच्या तळाशी चिखलासारखा गाळ बसतो. तो काढायला माणूस आत उतरवावा लागतो. टाकीच्या पोटाला एक गोल झाकण असते, त्याला मॅनहोल म्हणतात. मी नोकरीला लागण्याआधी एकदा दोन माणसे तिथून आत गेली ती परत आली नाहीत. बाहेर उभा असलेला तिसरा चहाला गेला होता.

तेव्हाच्या कारखाना व्यवस्थापकाने मग एक रीत घालून दिली. आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोराचे एक टोक, आणि दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या कमरेला. हातात धरायचा नाही, कमरेलाच बांधायचा. म्हणजे तो चहाला जाणार नाही. त्यापुढची रीत कामगारांनी स्वतः घातली. बाहेरच्याने आतल्याला सारखे डिवचत राहायचे, आणि आतल्याने उलट शिवी द्यायची. शिवी आली म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. आली नाही की ओढायचे. विचार करत बसायचे नाही.

माझा भाऊ बाहेरचा माणूस होता. त्याला सगळे दोरमामा म्हणत. त्याच्याइतके घाणेरडे तोंड आख्ख्या कारखान्यात नव्हते. मी एक्स्चेंजवर, हेडफोन कानाला, "गुड मॉर्निंग सर" म्हणत असायची, आणि खिडकीतून त्याचा आवाज यायचा. आतल्याची बायको, आतल्याची सासू, आतल्याच्या सासूची म्हैस, काही सोडायचा नाही. साहेब मला विचारत, "तो तुमचा भाऊ ना?" मी म्हणत असे, "सावत्र." तो सख्खा आहे. त्याच्या सगळ्या नोकरीत एकही माणूस टाकीत राहिला नाही.

पुढे क्रूड परवडेना. अर्धा कारखाना बंद पडला. नवे मालक आले आणि आता आपण क्रूड सोडले असे त्यांनी जाहीर केले. हॉटेलांतले आणि कारखान्यांच्या खानावळींतले वापरलेले तळणीचे तेल, कत्तलखान्यातली चरबी, हे सगळे गोळा करून त्याचे डिझेल करायचे. ते जुन्या डिझेलसारखेच गाडीत चालते आणि धूर कमी करते. हे चांगलेच काम आहे. माझा त्याला विरोध नाही, हे मुद्दाम लिहावे, कारण कंपनीचे वकील मला जुन्या काळात अडकलेली म्हातारी म्हणणार आहेत. माझी छाती इथल्या धुराने भरली आहे. कोणी धूर कमी करत असेल तर मी त्याच्या पाया पडेन.

जुन्या टाक्या धुऊन हिरव्या रंगवल्या. पहिल्या दोन टाक्यांत तळणीचे तेल व चरबी ठेवू लागले. क्रूड गेले, तेव्हा क्रूडचे नियमही गेले असे धरून चालले. बाहेरच्या माणसाची जागा रद्द झाली. माझ्या भावाला तेलाचे टँकर उतरवून घ्यायला बसवले. त्यालाही त्यात काही वावगे वाटले नाही. घरी येऊन म्हणाला, "ताई, आता कसली टाकी अन् कसलं काय. मोठी कढई आहे झालं. वाससुद्धा स्वयंपाकघरासारखा येतो." भावजय म्हणाली, "मग घरातल्या कढईला कधी हात लावला होता?" आम्ही तिघेही हसलो. आम्हा तिघांपैकी कोणालाच शंका आली नाही.

जुन्या कंट्रोल रूममध्ये कंपनीने इतिहास दालन केले. त्यातला मजकूर मी लिहून द्यावा, अशी जनसंपर्क विभागातल्या मुलीने विनंती केली. मी लिहिले. त्या दोन माणसांविषयी मी लिहिले होते की, ती टाकीत गुदमरून मेली आणि त्यानंतर दोराची रीत पडली. भिंतीवर आले ते असे: 'अनुभवातून घडलेली सुरक्षिततेची परंपरा.' मी त्या मुलीला विचारले, "अनुभव कोणाला आला, मेलेल्यांना?" ती म्हणाली, "आजी, पॉझिटिव्ह ठेवायचंय." माझ्या भावाचा दोर व पट्टा त्यांनी मागून घेतला आणि काचेच्या पेटीत ठेवला. तो खूश झाला. पेटीसमोर उभे राहून त्याने फोटो काढून घेतला.

काल दालनाचे उद्घाटन होते. मला जुनी कर्मचारी म्हणून बोलावले होते. मी सकाळी लवकर गेले. पाहुणे यायचे होते. त्यांना तेल वाहताना दिसावे म्हणून पाइपात काचेचा तुकडा बसवला आहे. त्यातून तेल येत नव्हते. पहिल्या टाकीच्या तळाशी चरबी थिजून पाइपाचे तोंड बुजले होते. टाकी वरून उपसून रिकामी केली होती आणि मॅनहोल उघडलेले होते. माझा भाऊ तिथे उभा होता. मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होते. प्लांटचे नवे साहेब आले. जे बोलणे झाले ते मी माझ्या कानांनी ऐकले. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी ऐकून जोडून द्यायचेच काम केले आहे, ऐकण्यात माझी चूक होत नाही.

साहेब म्हणाले, "दोरमामा, पाहुणे गेटवर येतायत. आत जाऊन तेवढं तोंड मोकळं करा."

भाऊ म्हणाला, "साहेब, बाहेर कोणी नाही."

साहेब म्हणाले, "अहो, तळणीचं तेल आहे, बॉम्ब नाही. दोन मिनिटांचं काम."

भाऊ हसला. म्हणाला, "तेही खरंच. चला, आज कढई घासू." मला म्हणाला, "ताई, तू उभी राहा बाहेर. शिव्या येतात का तुला?" मी म्हटले, "सिस्टरांनी शिकवल्या नाहीत." तो म्हणाला, "मग इंग्लिशमध्ये दे." आणि खोरे घेऊन आत गेला. साहेब गेटकडे गेले.

तो हसला हे मी लपवत नाही. कंपनी त्यावरच बोट ठेवून आहे. हसत गेला म्हणजे मर्जीने गेला, असे त्यांचे म्हणणे. साहेबाने सांगितल्यावर नोकर माणूस हसतोच. मी सगळी नोकरी हसून "येस सर" म्हणत काढली. त्यातले एकही "येस" माझ्या मर्जीचे नव्हते.

खोऱ्याचा आवाज थोडा वेळ येत होता. मग थांबला. मी हाक मारली. उत्तर आले नाही. मला वाटले, चेष्टा करतो आहे. पुन्हा हाक मारली. मग मी त्या भोकात तोंड घालून त्याला शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा दिली. त्याने हजारदा दिलेली होती, म्हणून माहीत होती. कोणती ते ठाणे अंमलदारांनी विचारले. ती लिहिण्याची गरज नाही. मी ती पुन्हा दिली, आणखी मोठ्याने. आतून काही आले नाही.

मी ओरडले. टँकरचे दोन ड्रायव्हर धावत आले. एक जण आत जायला निघाला, त्याला मी शर्टाला धरून मागे ओढले. आधी दोर आणा, म्हटले. दोर कुठेच नव्हता. आख्ख्या आवारात दोर एकच होता आणि तो दालनात होता. मी तिथे गेले. पेटीला कुलूप, किल्ली जनसंपर्कवाल्या मुलीकडे, मुलगी गेटवर फुले घेऊन उभी. मग मी काच फोडली. माझ्या उजव्या हाताला टाके पडले ते यामुळे. कंपनीच्या तक्रारीत हातात हत्यार होते असे लिहिले आहे. हत्यार म्हणजे ती पाटी.

ड्रायव्हरांनी दोर आत सोडला. आतून कोणी धरला नाही. दोर आधी बांधायचा असतो.

अग्निशमन दलाची माणसे तोंडाला नळ्या लावून आत गेली व त्यांनी त्याला बाहेर आणले. त्यांच्या अधिकाऱ्याने मला समजावून सांगितले की, चरबी तळाशी साचलेल्या पाण्यात बसून कुजते, टाकीतली हवा खाऊन टाकते आणि विषारी वायू सोडते. क्रूडच्या गाळाइतकीच ती वाईट. फक्त वास ओळखीचा. मी विचारले, त्याला त्रास झाला का. ते म्हणाले, एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. हे खरे की माझ्या वयाकडे बघून सांगितले, ते मला माहीत नाही. त्याची कॉलर नीटच होती.

पाहुणे तोवर आले होते. त्यांना दालनातून परत पाठवले. दालनात काच पडलेली होती, म्हणून.

संध्याकाळी कंपनीचे व्यवस्थापक घरी आले. भावजयीला म्हणाले, "दोरमामा आमच्या घरातलेच होते." भावजय एरवी कोणाला उलटून बोलत नाही. ती म्हणाली, "मग घरातल्या माणसाला एकट्याला कसं पाठवलंत?" ते म्हणाले, "आम्ही नाही पाठवलं हो. ते आपल्या मर्जीनं गेले." म्हणून ते टंकलेले वाक्य कुठून आले, हे मला आज ते वाचताच कळले. भावजय आता बाहेर बाकावर बसली आहे. ते वाक्य कागदावर राहिले का, एवढेच विचारायला आली आहे.

ते वाक्य राहू नये याचे कारण मी सांगते. भाऊ आता परत यायचा नाही, त्याला काय म्हणायचे ते म्हणा, तो त्याहून वाईट ऐकून गेला आहे. पण दुसरी टाकी तशीच भरलेली आहे. तिच्याही पाइपाचे तोंड बुजले आहे. ती परवा सकाळी साफ करायची, असा फलक गेटवर लागला आहे, तो मी येताना वाचला. आत कंत्राटाची माणसे जाणार. पहिला माणूस मर्जीने मेला असे कागदावर आले, की टाकीचा दोष राहत नाही, रीत बदलायची गरज राहत नाही, आणि परवा कोणीतरी पुन्हा हसत आत जाईल. म्हणून माझ्या जबाबात असे लिहावे की, त्याला साहेबांनी पाठवले, बाहेर माणूस दिला नाही आणि दोर काचेत होता.

दोर ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा आहे. तो परवा सकाळपुरता द्यावा, अशी मी विनंती केली. खटला संपेपर्यंत देता येत नाही, असे सांगण्यात आले. तर मग मी दुसरा विकत घेईन. परवा सकाळी दुसऱ्या टाकीच्या मॅनहोलशी मी उभी राहणार आहे, दोराचे एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरे मॅनहोलच्या कडीला बांधून. ठाणे अंमलदार म्हणाले, "बाई, या वयात तुम्ही माणूस ओढणार?" ओढू शकणार नाही. पण मॅनहोल लहान असते. मला ओलांडल्याशिवाय कोणी आत जाऊ शकणार नाही, आणि मला बाजूला करायला आधी माझी गाठ सोडावी लागेल. ती गाठ भावाने शिकवलेली आहे. शिव्याही आता येतात.

हा जबाब मला वाचून दाखवला. नंतर मी स्वतः चष्मा लावून वाचला. 'मर्जीने' असलेले वाक्य मी म्हटलेच नव्हते, म्हणून तो टंकलेला कागद माझ्यापुढे फाडला. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे, ते बरोबर व खरे आहे. उजव्या हाताला टाके असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. वाकडी आली आहे, पण माझीच आहे.