एकाच कंटेनरची जागा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या केळी उत्पादक संघाचे प्रमुख आदरणीय भाईदास आबा, महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्या प्रेमापोटी हे सभागृह आज भरलं आहे त्या आपल्या दिपमाला भंगाळे मॅडम, समोर बसलेले गुरुजन, शेतकरी बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

मी डिंपल. मॅडमच्या अर्थशास्त्राच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी आणि रावेरच्या वेशीवर केळी खोक्यांत भरून पाठवायचं संघाचं जे पॅकहाऊस आहे, तिथली व्यवस्थापक. मॅडमच्या गुणांविषयी आधीच्या वक्त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की माझ्यासाठी फारसं काही उरलं नाही. म्हणून मी फक्त गेल्या हंगामातली एक सकाळ सांगते. आबा, त्या सकाळी तुम्हीही तिथं होता. एखादा शब्द कडू लागला तर अध्यक्ष म्हणून मला थांबवायचा अधिकार आपल्याला आहेच.

त्या दिवशी आखाताकडे जाणारे आपले दोन कंटेनर पॅकहाऊसच्या आवारात भरून उभे होते. सकाळीच मुंबईहून एजंटचा फोन आला. समुद्रात तणाव वाढलाय, आपलं जहाज रद्द झालंय. दुसरं एक जहाज आहे, पण ते लांबच्या वाटेनं दुसऱ्याच बंदराला जाणार, आणि त्यात जागा आहे एकाच कंटेनरची. "दुपारपर्यंत सांगा, नाहीतर तीही जाईल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बातमी शिवारात पोचायला कितीसा वेळ लागतो? तासाभरात फाटकाशी गर्दी झाली. पहिला कंटेनर तापीकाठच्या बागांचा, तो आधी भरलेला. दुसरा सातपुड्याच्या पायथ्याकडचा, त्याची कापणी दोन दिवसांनंतरची. तापीकाठच्या लोकांच्या पुढे होते समाधानभाऊ. त्यांनी सरळ माझ्या टेबलावर हात आपटला. "पह्यले आमचा माल भरला, पह्यले आमचाच जाईन! रांग म्हन्जे रांग."

यात चूक काय होतं, सांगा? रेशनच्या दुकानातही हाच न्याय असतो.

पायथ्याकडचे लोक म्हणत होते, लांबच्या प्रवासाला ताजा माल पाठवा. आबांनी निर्णय द्यायचा, तर आबांची स्वतःची केळी दुसऱ्या कंटेनरात! त्यांनी तोंड उघडताच कोणीतरी ओरडलं, "आबा, तुम्ही बोलूच नका." कोणी म्हणालं, कंटेनरचं दार उघडा, कूलिंग बंद करा, जाऊ द्या बठ्ठा, सगळाच माल उकिरड्यात. दोघं तर खरोखरच जनरेटरकडे निघाले. मित्रांनो, कूलिंग बंद पडलं तर आतली हिरवी केळी पिकायला लागतात, आणि एक घड पिकला की शेजारच्यालाही पिकवतो. मी जनरेटरच्या खोलीच्या दाराशी आडवी उभी राहिले.

आणि त्याच वेळी फाटकातून कॉलेजची बस आत आली. मॅडम विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीला घेऊन आल्या होत्या!

त्यांनी मुलांना बसमध्येच थांबवलं आणि एकट्या उतरल्या. आबा म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मान्य." जनरेटरकडे निघालेले दोघंही मागे वळले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, समाधानभाऊ हे मॅडमचे सख्खे धाकटे भाऊ. बहिणीनं भावाची बाजू घेतली असती तर पायथ्याकडचे पेटले असते. नाही घेतली तर काय होईल, हे भावाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मॅडमनी मला दोनच प्रश्न विचारले. नवी वाट किती दिवसांची? आणि कोणता माल कधी कापलाय? मग त्या म्हणाल्या, "बाजार किती लांब आहे हे किलोमीटरवर ठरत नाही. आपला माल जितके दिवस टिकतो, तितकाच बाजार जवळ. काल आखात आपल्याला जवळ होतं, आज ते लांब गेलं. जुन्या कापणीचा माल तिथं पोचेलच असं नाही. त्याला आज दिल्लीचा बाजार जवळ आहे. दुसरा कंटेनर जहाजावर जाऊ द्या."

समाधानभाऊ पुढे आले. "अक्का, तू कॉलेजात मास्तरीन. इथं माही बहीन हायेस."

"तुझी बहीण आहे, म्हणूनच मला विचारलं त्यांनी," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी भावाकडे पाहिलं नाही. ते मी पाहिलं.

पहिला कंटेनर तिथंच उघडला. माल ट्रकमध्ये भरून दिल्लीकडे पाठवायचा होता. आतून केळी कशी निघाली असतील? हिरवीगार! समाधानभाऊंनी एक फणी उचलली, बहिणीसमोर धरली आणि म्हणाले, "पाह्य. टिकला असता." आणि निघून गेले. त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं बंद झालं.

दुसरा कंटेनर वळसा घालून पोचला. काही खोकी पिवळी पडली होती, बाकी माल चांगल्या भावानं गेला. दोन दिवस जुना माल तिथवर टिकला असता का? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही.

पण मी मॅडमना खऱ्या अर्थानं ओळखलं ते महिन्याभरानं, संघाच्या सभेत. तापीकाठच्या लोकांना दिल्लीत आखातापेक्षा खूपच कमी भाव मिळाला होता. पायथ्याकडचे खुशीत होते. मॅडम आमंत्रण नसताना आल्या आणि परवानगी घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्यापारानं सगळ्यांचा मिळून फायदा होतो, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. पण प्रत्येकाचा होतोच असं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे कोणी पाहायचं? त्या दिवशी यांनी जागा सोडली म्हणून तुमचा माल गेला. नफा दोघांत वाटा. आणि आणखी एक. माझ्या भावाच्या मालाचा निर्णय मी त्याला न विचारता दिला. निर्णय आजही तोच देईन. पण आधी त्याला विचारेन."

सभेत गदारोळ झाला. "ज्याचं त्याचं नशीब" असं म्हणणारे कमी नव्हते. पायथ्याकडचे तोताराम नाना तर उठून चालू लागले. मग आबा हात वर करून म्हणाले, "माझा नफा आधी वाटा." आबा, तुम्ही हात वर केलात म्हणून बाकीचे हात वर गेले. तरीही ठराव जेमतेमच मंजूर झाला, हे आपणही नाकारणार नाही.

समाधानभाऊंनी वाटा घ्यायला सरळ नकार दिला. पुढे आठवड्याभरानं ते पॅकहाऊसवर आले आणि मला म्हणाले, "पैसे नको. पुढच्या खेपेले असं झालं तं कोनाचा माल जाईन आन् तोटा कसा वाटाचा, हे हंगामाच्या आधी ठरवा. बहिनीवर टाकू नका." आज आपल्या संघाचा तो नियम आहे. यंदा सगळा माल एकाच वाटेनं पाठवायचा नाही, हेही तो नियम केला त्याच बैठकीत ठरलं.

आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी काल त्यांच्या बागेत गेले. मनात धाकधूक होती. म्हटलं, भाऊ, याल ना? ते पाण्याची नळी सरकवत होते. मान वर न करता म्हणाले, "बलवाची काय गरज हाये? माही बहीन रिटायर होऊ रायली."

मॅडम, ते मागच्या दाराशी उभे आहेत. बसायला खुर्ची दिली, पण बसत नाहीत.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे, आणि एकदाही न थांबवता ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहून गेलं असेल, तर आपली लेक समजून पदरात घ्यावं, ही विनंती करते आणि माझी जागा घेते. नमस्कार.