गळ्याचा इतिहास

रतन : हे टोमॅटोच्या झाडाला काय बांधलंय? टाय आहे का?

श्याम : टायच आहे. रेशमी, अस्सल. आमच्या घरात आता फक्त टोमॅटो टाय घालतात. वांग्याला अजून प्रमोशन मिळालेलं नाही. बसा ना रतनराव, इथेच गॅलरीत बसू.

शेफाली : काका, बाबा तीस वर्षं मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होता ना. रिटायर झाला त्या दिवशी कपाटातले सगळे टाय काढून कुंड्यांना बांधले. आई अजून बोलते त्यावरून.

रतन : मग मी ज्या कामासाठी आलोय, ते अवघडच दिसतंय.

श्याम : अवघड काय त्यात? व्याही झालात आता. मुलगा तुमचा, मुलगी आमची, रविवारवर लग्न आलंय. बोला की.

रतन : बोलतो. सकाळचा विधी आमच्याकडे, धायरीच्या विहारात. त्याचं काही नाही. संध्याकाळचं रिसेप्शन तुमचं. त्याची तुमची ती पत्रिका आली काल मोबाइलवर. 'पेशवाई थाट. पुरुषांनी कृपया पगडी व उपरणे परिधान करावे.'

श्याम : आवडली? मजकूर माझा आहे. 'परिधान'वर शेफाली हसली, पण मी ठेवला.

रतन : आमच्याकडची माणसं पगडी आणि उपरणं घालणार नाहीत. सूट आणि टाय घालतील. तेवढंच सांगायला आलो होतो.

श्याम : टाय? मे महिन्यात? उघड्या लॉनवर?

रतन : हो.

शेफाली : काका, तुम्हाला काहीच आणायचं नाहीये. पगड्या, उपरणी सगळं तिथे दारातच देणारेत. एंट्रीला तुतारी, बुरुजाची कमान, मग सगळ्यांचा एक ग्रुप फोटो. प्रज्ञेश पण ओके आहे. त्यानं ट्रायलचा सेल्फी पाठवलाय मला.

रतन : पाहिला मी तो.

श्याम : रतनराव, तुम्ही इंजिनिअर माणूस. पाटबंधारे खात्यात धरणं बांधलीत. मला एक सांगा, टाय ही वस्तू करते काय? पॅंट झाकते. सदरा झाकतो. मोजा पायाचा वास झाकतो. टाय काय करतो?

रतन : पोट झाकतो. थोडंसं.

श्याम : उत्तम! म्हणजे एवढा एकच उपयोग, आणि तोही साधत नाही. आता मूळ ऐका. चारशे वर्षांपूर्वी क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक पॅरिसमध्ये आले. अंगरख्याला बटणं धड नाहीत, म्हणून गळ्याशी फडकं गुंडाळलेलं. आपल्याकडे हमाल गुंडाळतो तसं, घाम पुसायला. फ्रान्सच्या राजानं ते पाहिलं आणि म्हणाला, वा! झालं. राजाला आवडलं म्हटल्यावर दरबारातल्या प्रत्येकाला घाम यायला लागला.

शेफाली : बाबा, हे तू प्रत्येक पाहुण्याला सांगतोस.

श्याम : प्रत्येक पाहुणा टाय घेऊन येत नाही. पुढे ऐका, गंमत पुढेच आहे. एका लढाईत सकाळी सकाळी हल्ला झाला. अधिकाऱ्यांना गाठ मारायला वेळ नव्हता, त्यांनी फडक्याची टोकं पिरगळून बटणाच्या काजात खुपसली आणि पळाले लढायला. तर घरी बसलेल्या पॅरिसनं काय करावं? सगळ्यांनी मुद्दाम तशीच टोकं खुपसायला सुरुवात केली. बायकांनीसुद्धा! आरशासमोर तासभर उभं राहायचं, का, तर घाईत कपडे केल्यासारखं दिसावं म्हणून.

रतन : हे आपल्याकडेही आहे. फाटकी जीन्स.

श्याम : अगदी बरोबर. मग इंग्रजानं त्यात खळ घातली. इतकी कडक, की मान वळवता येईना. कुणी हाक मारली तर अख्खा माणूस फिरायचा. मग कारकून आले, त्यांना फिरायला वेळ नव्हता, म्हणून ते फडकं बारीक झालं, लांब झालं आणि पोटावर लोंबायला लागलं. साहेब गेला, पण लोंबणारं इथेच ठेवून गेला. आता कोथरूडच्या इंग्रजी शाळेत साडेतीन वर्षांच्या पोराला टाय. इलॅस्टिकचा! मागून ओढायचा आणि सोडायचा. नाक गळतंय, टायनं पुसतोय. क्रोएशियन सैनिकाचा खरा वारस तोच.

शेफाली : आणि हिंजवडीत कोणी टाय घालत नाही हं बाबा. आम्ही सगळे टी-शर्टमध्ये असतो.

श्याम : तुमच्या गळ्यात पट्टा असतो. त्यावर फोटो आणि नाव. हरवलात तर कुणीतरी आणून सोडावं म्हणून.

रतन : उपरण्याचं काय मग? ते तरी आता कोण घालतं? आमच्या धायरीत निवडणुकीच्या दिवसांत घालतात. सकाळी एका रंगाचं, संध्याकाळी दुसऱ्या.

श्याम : ते सोडा हो. ते उपरण्याचे दिवस वाईट आलेत. पण मुळात काय आहे, सुटसुटीत वस्तू. खांद्यावर टाका, काढा. गाठ नाही, फास नाही. आपलं आहे. मी तीस वर्षं फास घालून फिरलो रतनराव. एप्रिलच्या उन्हात स्कूटरवर, बॅग पायाशी, टाय तोंडावर उडतोय. डॉक्टरांच्या दारात उभा. त्यांचा कंपाउंडर बनियनवर, मी टायमध्ये, आणि खुर्ची कुणाला? त्याला. डॉक्टर आतून ओरडायचे, 'कोण आहे?' कंपाउंडर म्हणायचा, 'कोणी नाही, टायवाला आहे.' शेफालीच्या लग्नात मला एकही टाय बघायचा नाही. हट्ट समजा.

रतन : हट्ट समजला. आता आमचाही समजून घ्या. माझे थोरले भाऊ, संजयदादा. मला शिकवलं त्यांनी. काल पत्रिका वाचून दाखवली, तर म्हणाले, 'पगडी असंल तर मी न्हाय येत. तू जा. तुझा पोरगा हाय.' दादा येणार नसतील तर धायरीतलं कोणी येणार नाही. शैलाही येणार नाही.

शेफाली : शैलामावशी येणार नाहीत? प्रज्ञेशची आई रिसेप्शनला नसणार?

रतन : तिनंच मला पाठवलंय. म्हणाली, चांगल्या शब्दांत सांगून या. मी प्रयत्न करतोय.

श्याम : कमाल आहे. एका चिंधीसाठी मुलाच्या लग्नाला यायचं नाही? गुलामीची चिंधी हो ती! साहेब सोडून गेला, तुम्ही सोडायला तयार नाही.

रतन : आमच्या वस्तीत एकच टाय होता, दातारसाहेब.

श्याम : एकच म्हणजे?

रतन : अख्ख्या वस्तीत एक. निळा. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते, त्यांनी आणलेला. आमच्या प्रत्येक घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यात ते टायमध्ये. वडील म्हणायचे, आपला एकच माणूस कसा दिसतो ते जगाला माहीत आहे, तर आपण तसं दिसायचं. गाठ मारता यायची फक्त एका शिक्षकांना. त्यांची बदली झाली सांगलीला. मग वस्तीचा कायदा झाला, गाठ सोडायची नाही. सैल करायची, डोक्यातून काढायची आणि पुढच्याच्या डोक्यात घालायची.

शेफाली : सो क्यूट!

रतन : इंटरव्ह्यूला तोच, लग्नाला तोच. एकदा एका दिवशी दोन लग्नं आली. एक नवरदेव मांडवात, दुसरा घरात बनियनवर बसलेला. पहिल्याचं लागलं, टाय निघाला, पोरं पळत घेऊन आली, मग दुसऱ्याचं लागलं. पाहुणे विचारत होते, उशीर का? कोणी सांगायला तयार नाही.

श्याम : बहार आहे! हे मी आता पाहुण्यांना सांगणार. म्हणजे बघा, साहेबानं फास सोडला, आणि तुम्ही रांग लावून घालताय. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या! गुलामी, तीही पाळीपाळीनं.

रतन : तुम्हाला इतिहासाची फार हौस आहे ना, दातारसाहेब?

श्याम : आहे ना. हौस नाही, व्यसन आहे.

रतन : मग गळ्याचा इतिहास क्रोएशियापासून का सुरू केलात? एवढ्या लांब कशाला गेलात? इथून सुरू करायचा. शनिवारवाडा रिक्षानं वीस मिनिटांवर आहे.

श्याम : म्हणजे?

रतन : ज्या पेशवाईचा तुम्ही थाट करणार आहात, त्या पेशवाईत आमच्या माणसांच्या गळ्यात काय असायचं?

(खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू करतं आणि बंद करतं.)

शेफाली : काय असायचं, काका?

रतन : तुझ्या बाबांना विचार, बाळा. त्यांना माहीत आहे.

शेफाली : बाबा?

श्याम : गाडगं. मातीचं गाडगं.

रतन : कशाला ते पण सांगा. टायचं सगळं सांगितलंत.

श्याम : थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. त्यात थुंकायचं. रस्ता विटाळू नये... शेफाली, आत जाऊन पाणी आण जरा.

रतन : पाणी नको. आमच्या गळ्याचा इतिहास छोटा आहे, दातारसाहेब. आधी गाडगं, मग एकदम टाय. मधलं काही आम्हाला कुणी दिलं नाही. उपरणं नाही, शेला नाही. आणि आता तुम्ही म्हणता, त्याच बुरुजाच्या कमानीतून या, तुतारी वाजेल, दारात उपरणं मिळेल, आणि गळ्यातलं आहे ते काढून ठेवा, कारण आम्हाला उकडतं.

शेफाली : प्रज्ञेशला हे माहीत आहे?

रतन : धायरीत जन्मलेल्या आमच्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

शेफाली : मग तो का नाही बोलला मला? मी सेल्फी बघून त्याला लिहिलं, 'हॅंडसम पेशवा.' त्यानं स्मायली पाठवला. काका, मला शाळेत कोणी हे शिकवलंच नाही. शप्पथ. मी लेझीमचे कपडे आणि पगडी घालून पंधरा गॅदरिंग केलीत, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. त्याला किती राग आला असेल माझा.

रतन : त्याला नाही आला. तू हौसेनं सांगितलंस, त्याला तुझी हौस मोडवली नाही. राग मला आलाय. मला फार राग आलाय, शेफाली. रात्रभर झोप नाही. पण तू आमच्या घरी येणार आहेस म्हणून मी खालच्या आवाजात बोलतोय.

श्याम : रतनराव, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आत कपाटात पुस्तकं आहेत. मी यावर बोललोय. एका मंडळात, जयंतीला, पाऊण तास.

रतन : चांगलं बोलला असाल.

श्याम : टाळ्या पडल्या होत्या.

रतन : पडणारच.

श्याम : आणि पत्रिका लिहिताना आठवलं नाही. पेशवाई म्हटल्यावर मला नथ, पैठणी, जिलबी एवढंच दिसलं. मला... माझं चुकलं, म्हणजे त्यात विचार असा होता की आपण सगळेच आता एक झालो, तर त्या काळाकडे आपण एका वेगळ्या, म्हणजे निव्वळ सांस्कृतिक...

शेफाली : बाबा, 'चुकलं'पाशी थांब.

श्याम : चुकलं.

रतन : बरं.

श्याम : बरं म्हणजे? येणार ना सगळे?

रतन : मी काय सांगू? दादांना विचारायला लागेल. तुम्हाला घालायची तर तुम्ही पगडी घाला, तो तुमचा प्रश्न. तुमच्या घराण्यातली वस्तू आहे.

श्याम : कसलं घराणं हो? आजोबा काळी टोपी घालायचे, वडील बोडके. पगडी आमच्या घरात कधीच नव्हती. डेकोरेटरकडून भाड्यानं आणणार होतो, तीही पुठ्ठ्याची.

रतन : पुठ्ठ्याची?

श्याम : आत थर्माकोल आहे म्हणाला. घाम शोषून घेतो.

रतन : म्हणजे तुमचाही इतिहास भाड्याचा.

श्याम : मारा, मारा. आज तुमचा दिवस आहे. शेफाली, माझा फोन दे इकडे. त्या माऊली डेकोरेटर्सचा नंबर काढून दे.

शेफाली : लागलाय. स्पीकरवर नको ठेवू, प्लीज. मी आत जाते, प्रज्ञेशला फोन करायचाय मला.

श्याम : हॅलो, दातार बोलतोय. रविवारचं रिसेप्शन, हो. ऐका, पगड्या नकोत. उपरणीही नकोत. नाही, रंग बदलून नको, नकोतच. कमान काढा. बुरुज, तोफा, सगळं काढा... अहो, पोर्टेबल असली तरी तोफ तोफच. तुतारीवाल्याला सनई येते का विचारा... काय? नाही, राजपूत नको. मोगल तर अजिबातच नको. मग फॉर्मवर थीम काय लिहू म्हणताय? लग्न लिहा. हो, नुसतं लग्न. चालतं ना तसं?