मॅनेजरचं आतडं

—गप्पच आहे की मी, डॉक्टर! आत्ता बोललो ते तुम्ही विचारलंत म्हणून. नाही विचारलं? बरं, बघितलंत तरी. मी आपला ह्याचे पुढचे पाय धरून उभा — तुम्ही ती सोनोग्राफीची दांडी पोटावर टेकवा आणि आतडं हलतंय का ते खुशाल बघा. पण काय भादरलंय हो त्याला! गल्लीतलं एवढं रुबाबदार कुत्रं, आणि पोटाकडून पार सोललेला बटाटा. वर ते गारढोण जेल! मॅनेजर नाव का? का म्हणजे — काम काडीचं करत नाही आणि सगळ्यांवर गुरगुरतो, म्हणून.

हं. गप्प.

— बघा, मी गप्प बसलो की हा ताठतो. लागला ना थरथरायला? घाबरला की आतडं आणखी अडून बसतं, कालच म्हणालात तुम्ही. मग बोलू? हळू बोलतो. सवय आहे हो त्याला — घरात दिवसभर माझीच टकळी, दुसरं आहे कोण! तर डॉक्टर, ह्यानं एकदा अख्खं गजराचं घड्याळ गिळलं. खोटं नाही! रोज पहाटे ह्याचं पोट वाजायचं आणि शेजारचा शिंपी दचकून उठून दुकान उघडायचा — गिऱ्हाईक वाढलं त्याचं! हसलात! चला, कुणीतरी हसलं. त्यापुढे सदऱ्याची बाही म्हणजे किरकोळच. तीच काढलीत ना परवा पोट फाडून? बटणं आवडतात त्याला, बटणांसाठी खाल्ली.

काय? बटण एकही सापडलं नाही? ...नसेलच. बटणं कोपऱ्यात थुंकली होती.

त्याचं असं झालं — मी मुलाकडे राहायला गेलो. कायमचा. गल्लीभर सांगून, ट्रंक घेऊन. तिथं कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून हा शिंप्याकडे, अंथरायला माझा अंगातला सदरा. मुलगा चांगला आहे हो, सूनही चांगली, ताट वेळेवर. पण जेवताना घड्याळाची गोष्ट काढली, तर मुलगा म्हणतो, ‘बाबा, असं काही झालं नव्हतं.’ झालं नव्हतं हे मला ठाऊक नाही होय! मग सगळे मुकाट्यानं जेवले. दुसऱ्या दिवशीही. ट्रंक उचलली, परत आलो — शिंप्याला सांगितलं, तिथलं पाणी बाधलं. बघतो तर हा उलट्या करून आडवा पडलेला, आणि सदऱ्याला बाही नाही.

आज हललं नाही तर पुन्हा उघडायचं ना? आणि ह्याला ह्या वयात ते झेपायचं नाही — काल हे सांगितलंत तेव्हा मी काहीतरी विनोद केला, तो ऐकलाच नाही असं समजा. मॅनेजर, ए मॅनेजर, हलव की रे. जन्मात एवढं एक काम कर. घरी गेल्यावर मी कुणाला सांगू रे घड्याळाचं — अहो, ते काय? ते पडद्यावर तिथं आवळलं! तुमचा हात हलला असेल. नाही? पुन्हा — ती बघा, ती लाट सरकली पुढं! डॉक्टर, हलतंय हे? खरंच?

काय? थांबू नको? बोलत राहू?

बोलतो. बोलतो ना... जरा थांबा...

मॅनेजर, कुठवर आलो होतो रे आपण?