शहाण्णवचा आकडा

माझी चूक आधी सांगतो, मग बाकीचं. मी न बघता एका माणसाला खोटं ठरवलं, आणि नुसतं घरात नाय, चार लोकांत. मी महाडचा, युसूफ. वडील ट्रक चालवायचे, मीही तेच शिकलो, आता स्वतःचा एक टेम्पो हाय. त्याच्यावर ड्रायव्हर होता दत्ता, पोलादपूरकडच्या कापडे गावचा. अकरा वर्षांत गाडीला ओरखडा नाय, काय सांगू तुम्हाला.

गेल्या वर्षी मोबाईलवर चलान आलं, पोलादपूरच्या अलीकडं पोलिसांच्या स्पीड गननं टेम्पोचा वेग दाखवला शहाण्णव. आता आमच्या गाडीला गव्हर्नर हाय, ऐंशीच्या वर गाडी जाऊच देत नाय असं सीलबंद यंत्र. मग शहाण्णव कसा? मी म्हटलं, दत्ता, तू सील तोडलंस. तो म्हणाला, शेठ, सिमेंट भरलेलं, पुढं चढ, मी पन्नासलाही नसेन, शेजारनं एक कार सुसाट गेली, तिचा वेग आपल्या नावावर लागला, फोटोत बघा ना, कडेला तिचा मागचा दिवा दिसतोय. मी म्हटलं, मशीनची तुझ्याशी काय दुश्मनी हाय रे? तो म्हणाला, मग सील बघा, दोन मिनिटांचं काम. मी गाडीखाली वाकून बघितलं नाय. त्यानं चावी टेबलावर ठेवली नि निघून गेला.

आणि मशीन चुकतं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाय. भाच्यानं कुवेतहून पोलिसांचं रडार ओळखून ओरडणारा डबा आणलेला, माझ्या कारला लावला. दवाखान्याच्या आपोआप उघडणाऱ्या दारापुढं तो किंचाळायचा, आणि पोलीस गन घेऊन समोर उभे असले की गप्प. त्याला शिव्या देऊन मी काढून टाकला, पण पोलिसांचं यंत्र चुकेल हे मनात आलं नाय.

महिन्याभरानं कापड्याच्या बाजूच्या शाळेतून हेडबाईंचा फोन आला, दत्ताला मुलांच्या गाडीवर घेतोय, माणूस कसा हाय? मी म्हटलं, माणूस चांगला, पण गव्हर्नर काढून गाडी पळवतो. झालं. त्याची ती नोकरीही हातची गेली, वर पालकांत बोभाटा.

मग टेम्पो पासिंगआधी गॅरेजात घातला तर मेकॅनिक खालून ओरडला, भाई, सील शाबूत हाय, वर धुळीचा थर, याला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाय.

त्या दिवसापासून मी धावतोय. चलान चुकीचं म्हणून मोबाईलवर तक्रार केली, फेटाळली. सीलचा फोटो घालून परत केली, परत फेटाळली, कारण एका ओळीतही नाय. चौकीवर गेलो. हवालदार म्हणाला, मशीन वरून तपासून येतं. मी म्हटलं, कधी तपासलं, कागद दाखवा. तो म्हणाला, वर विचारा. वर विचारलं तर म्हणाले, खाली विचारा. परत हवालदाराला म्हटलं, साहेब, दोन गाड्या शेजारी असल्या तर आकडा कुणाचा धरायचा? तो म्हणाला, बहुतेक मोठीचा. बहुतेक! अहो, त्या बहुतेकवर एका माणसाचं नाव गेलं.

चलान अजून तसंच हाय. पण चिडून घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, हवालदाराकडं गाडी नव्हती खालून बघायला, तुमच्या तर दारात उभी होती.

शाळेत पालकांची सभा होती, हेडबाईंना विचारून गेलो. मुलांच्या गाडीवर दुसरा माणूस लागलेला. दत्ताला निरोप धाडलेला, तो आला, पण आत नाय आला, दारातच उभा राहिला. सगळ्यांपुढं म्हटलं, दत्तानं सील तोडलं नव्हतं, ते मी बोललो, न बघता बोललो. मग त्याच्याकडं वळलो. दत्ता, तू बघा म्हणालास, मी बघितलं नाय. मशीनची चूक मशीनकडं, ही माझी हाय. मला माफ कर.