घरातला ॲडमिनिस्ट्रेटर

बायको : अहो, पण त्या कॉम्प्युटरला झालंय काय? चांगला चालतोय की.

नवरा : चालतोय, पण कुठल्या दर्जाने? सुरू होताना काय लिहून येतं, वाचलंयस कधी? 'होम एडिशन'. घरगुती आवृत्ती!

बायको : मग घरातच आहे ना तो. कपाट आणि माझं भरतकामाचं मशीन यांच्या मधे अंग चोरून बसलाय बिचारा.

नवरा : मुद्दा जागेचा नाही. विमा कंपनीत विभागप्रमुख होतो मी. माझ्या टेबलावर 'प्रोफेशनल' होतं. निवृत्त झालो म्हणून काय आता 'होम'वर यायचं?

बायको : तुम्ही कशाला याल? कॉम्प्युटर माझा आहे. मशीनला डिझाइन पाठवायला घेतलाय मी तो. तुम्ही त्याच्यावर पत्ते खेळता.

नवरा : खेळतो. पण वरच्या मजल्यावरचे डॉक्टर 'अल्टिमेट'वर खेळतात. काल जिन्यात मुद्दाम थांबवून सांगितलं त्यांनी. बेल वाजली बघ. दुरुस्तीवाले आले.

बायको : म्हणजे मला विचारायच्या आधीच बोलावून मोकळे झालात?

नवरा : तत्त्वतः मंजुरी दिली होती. या, या.

दुरुस्तीवाला : नमस्कार साहेब. नमस्कार ताई. होऊन जाईल.

बायको : काय होऊन जाईल? अजून कुणी काही सांगितलंसुद्धा नाही.

दुरुस्तीवाला : जे काय असेल ते, ताई.

नवरा : आम्हाला सगळ्यात वरची आवृत्ती हवी. जिच्यावर आणखी काही नाही अशी.

दुरुस्तीवाला : उत्तम! फार मोठी सोय आहे साहेब. ऑफिसातली सगळी मशिनं एकमेकांना जोडता येतात. आणि कॉम्प्युटरची भाषा हवी तेव्हा बदलता येते. ढीगभर भाषा आहेत.

बायको : आम्हाला एकच येते आणि तीही दोघांना वेगवेगळी कळते. हे बघा, परवा सकाळी इस्पितळात कोट पोचवायचेत. नर्सबाईंच्या खिशांवर नावं भरायची आहेत. नव्या विभागाचं उद्घाटन आहे त्यांच्या. एवढं काम होऊ द्या, मग कॉम्प्युटरचा राज्याभिषेक करा.

दुरुस्तीवाला : तासाभराचं तर काम, ताई.

बायको : माझं मशीन ओळखेल ना तो नंतर?

दुरुस्तीवाला : न ओळखून जातो कुठे!

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

बायको : अहो, इकडे या आधी. तो मशीन ओळखत नाहीये.

नवरा : पण पडदा बघ ना. काय रुबाबदार निळा आहे!

बायको : निळ्याला काय करू? म्हणतो, मशीनचा प्रोग्रॅम पुन्हा बसवा. बसवायला गेले तर म्हणतो, तुम्हाला अधिकार नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. कोण हा मेला ॲडमिनिस्ट्रेटर?

नवरा : मी.

बायको : आणि मी कोण?

नवरा : 'स्टँडर्ड युजर'. मनाला लावून घेऊ नकोस. व्यवस्था म्हटली की उतरंड आलीच. तू तोंडी विनंती केलीस तरी चालेल, लेखी काही नको.

बायको : माझ्या कॉम्प्युटरवर माझं काम करायला मी तुमच्याकडे अर्ज करू? पासवर्ड टाका मुकाट्याने.

नवरा : टाकतोय... हं. चुकीचा म्हणतोय. पुन्हा टाकतो. अरेच्चा.

बायको : काय ठेवला होतात?

नवरा : अवघड ठेवला होता. कुणालाही ओळखता येऊ नये असा.

बायको : मग जमलंय की. तुम्हालाही येत नाहीये.

नवरा : थांब, विसरलो तर आठवण करून द्यायला सूचना लिहून ठेवलीय मी. ही बघ.

बायको : 'मला माहीत आहे.' ही सूचना?

नवरा : लिहिताना माहीत होतं.

बायको : लावा त्या माणसाला फोन. स्पीकरवर ठेवा.

दुरुस्तीवाला : हॅलो, बोला साहेब. पासवर्ड विसरलात? होऊन जाईल. मला यावं लागेल, पण संध्याकाळशिवाय सुटका नाही. एका पतपेढीत अडकलोय. त्यांनीही काल वरची आवृत्ती घेतली.

बायको : ठेवा फोन. संध्याकाळपर्यंत हातावर हात धरून बसले तर अर्धे कोट तसेच राहतील. ती सुया-धाग्यांची पेटी द्या. हाताने भरते.

नवरा : सगळी नावं? हाताने?

बायको : मशीन येण्याआधी काय पायाने भरत होते?

नवरा : मी काही करू का?

बायको : केलंत तेवढं पुष्कळ झालं.

नवरा : मग बसतो इथे कोपऱ्यात.

बायको : आता तोंड कशाला पाडून बसलाय?

नवरा : काही नाही. काल त्याने विचारलं, 'साहेब, ॲडमिनिस्ट्रेटर कुणाला करू?' फार दिवसांनी कुणी काही विचारलं गं मला. हो म्हणून बसलो. तुझ्या कामाचं ध्यानातच आलं नाही.

बायको : ही कात्री घ्या. नाव भरून झालं की मागच्या बाजूला धागे लोंबतात, ते कापायचे. मागचेच. पुढचे कापलेत तर त्या बाईचं नाव जाईल.

नवरा : आधी हे कोट वर्णानुक्रमे लावून घेतले असते तर—

बायको : कापा.

नवरा : कापतोय. ही 'विद्युल्लता' केवढी लांब आहे. खिसा संपतोय.

बायको : म्हणून तर अक्षर बारीक काढलं. नीट धरा कोट, ओढू नका. हं, असा.

नवरा : हे मशीनपेक्षा बरं दिसतंय.

बायको : मस्का नको. पुढचा घ्या. आणि दार उघडा, संध्याकाळ झाली, आला वाटतं तो.

दुरुस्तीवाला : माफ करा ताई, उशीर झाला. बसतो लगेच... हा उडवला जुना पासवर्ड. आता प्रोग्रॅम बसवतो. बघा, ओळखलं मशीन! आता सांगा साहेब, ॲडमिनिस्ट्रेटर कुणाला ठेवू?

नवरा : ह्यांना. मला करा स्टँडर्ड.

बायको : दोघांना नाही का करता येत?

दुरुस्तीवाला : येतं की. घरात असतील तेवढ्या सगळ्यांना करता येतं.

बायको : मग काल का नाही सांगितलंत?

दुरुस्तीवाला : काल कुणी विचारलं नाही, ताई. बरं, मशीन तयार आहे. उरलेले कोट लावा, चुटकीसरशी होतील.

बायको : थोडेच राहिलेत आता. हातानेच करतो आम्ही.

दुरुस्तीवाला : मर्जी तुमची. येतो मग.

नवरा : अगं, मशीन सुरू झालंय ना? मग हाताने कशाला?

बायको : काही नावं हाताची, काही मशीनची, असं वेगवेगळं दिसायला नको. ही सुई घ्या, धागा ओवून द्या मला.

नवरा : दिवा जरा इकडे कर. नेढं दिसत नाहीये.